पिष्टाच्या रेणूची मोजदाद

भरपूर पाण्यात भात शिजवून पेज काढली, की शिते एकीकडे राहतात आणि पांढरट पाणी दुसरीकडे. ही पेज निवली की दाटते, तिच्यावर सायही धरते. तांदळातल्या पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा, काही भाग पाण्यात उतरतो आणि बराचसा शितातच राहतो. पिष्ट हा एकच पदार्थ असेल तर असे का व्हावे? स्वयंपाकघरात रोज दिसणाऱ्या या गोष्टीचा उलगडा व्हायला १९४० साल उजाडावे लागले. त्याआधी शास्त्रज्ञांना दुसऱ्याच एका प्रश्नाने छळले होते : पिष्टाचा रेणू आहे तरी केवढा?

सुरुवात सोपी होती. १८११ मध्ये सेंट पीटर्सबर्गला किर्चहॉफ याने पिष्ट सौम्य गंधकाम्लात उकळले आणि त्याची साखर झाली. १८१४ मध्ये कोलँ आणि गोल्तिए द क्लोब्री या फ्रेंच रसायनज्ञांनी आयोडीनने पिष्ट निळे होते, अशी नोंद केली. पुढे ही साखर म्हणजे ग्लुकोज हे ठरले. विटा कळल्या, पण त्या विटांची भिंत किती लांब, हे कळेना.

१९०६ च्या सुमारास माकेन आणि रू यांनी पिष्टात दोन घटक असल्याचे मांडले. ॲमायलोज आणि ॲमायलोपेक्टिन ही नावे तेव्हापासूनची. मात्र दोन्ही घटक स्वच्छ वेगळे करता येत नव्हते. त्यातच त्या काळच्या अनेक मान्यवरांची अशी धारणा होती, की पिष्ट, रबर, सेल्युलोज यांचे रेणू मुळात लहानच असतात. ते नुसते एकमेकांना बिलगून राहतात. १९२० मध्ये हेरमान श्टाउडिंगर यांनी या मताला उघड आव्हान दिले. त्यांचे म्हणणे असे, की हे खरोखरच प्रचंड रेणू आहेत आणि त्यांचे दुवे साध्या रासायनिक बंधांचेच आहेत. त्यांना बराच विरोध सोसावा लागला. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ मध्ये.

पिष्टाच्या बाबतीत मात्र विरोधकांच्या हाती एक बळकट पुरावा होता. बर्मिंगहॅमला हॉवर्थ आणि हर्स्ट यांनी साखळीची टोके मोजण्याची युक्ती काढली होती. पिष्टातल्या सर्व मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांना मिथिल गट जोडायचे आणि मग साखळी तोडायची. टोकाच्या ग्लुकोजवर एक मिथिल गट जास्त असतो, त्यामुळे तो ओळखू येतो. शंभर ग्लुकोजमागे टोके निघाली चार-पाच. म्हणजे साखळी जेमतेम वीस-पंचवीस ग्लुकोजची, रेणूभार चार हजारांच्या आसपास. उलट द्रावणाचा परासरण दाब मोजणाऱ्यांना रेणूभार लाखांच्या घरात मिळत होता. दोन्ही प्रयोग काळजीपूर्वक केलेले आणि दोन्ही उत्तरे ठाम. मग चुकले कोण?

कोणीच नाही. चूक होती ती रेणू सरळ दोरीसारखा असणार या गृहीतकात. दोरीला शेवटचे टोक एकच; झाडाला मात्र जितक्या फांद्या तितकी टोके. टोके पुष्कळ निघाली म्हणून झाड लहान ठरत नाही. श्टाउडिंगर यांनी १९३७ मध्ये फणीसारखी रचना सुचवली. जिनिव्हाच्या कुर्ट मायर यांनी १९४० मध्ये फांदीला फांदी फुटत जाणाऱ्या झाडाचे चित्र मांडले. गंमत अशी, की हेच मायर १९२८ मध्ये माफक लांबीच्या साखळ्यांचा पक्ष घेऊन श्टाउडिंगर यांच्याशी भांडले होते. गरम पाण्याने पिष्टातून ॲमायलोज अलगद काढून घेण्याचे कामही मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचेच. पेज काढण्याचीच ती शास्त्रशुद्ध रीत! १९५२ मध्ये सेंट लुईसला कोरी दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकरांनी एकेक थर सोलत नेला आणि झाडाच्या चित्राला पुष्टी दिली.

आज आपल्याला माहीत आहे, की ॲमायलोजची साखळी बहुतांशी सरळ असते आणि तिच्यात काहीशे ते काही हजार ग्लुकोज असतात. ॲमायलोपेक्टिनचा रेणूभार कोटीपासून अब्जापर्यंत जातो; निसर्गातल्या सर्वांत मोठ्या रेणूंपैकी तो एक. ॲमायलोज मळसूत्रासारखे वळते, एका वेढ्यात सहा ग्लुकोज, आणि त्या पोकळीत आयोडीन शिरले की निळा रंग येतो. ॲमायलोपेक्टिनच्या फांद्या आखूड, म्हणून त्याचा रंग तांबूस-जांभळा. १९२२ मध्ये वेदरवॅक्स यांनी चीनमधून आलेल्या मेणचट मक्याच्या पिष्टाला आयोडीनने तांबडा रंग येतो हे पाहिले होते. त्या मक्यात ॲमायलोज जवळजवळ नसतेच. म्हणजे दोन घटकांची साक्ष आयोडीन आधीच देत होते. ती वाचता यायला मात्र वेळ लागला.

हे रेणू पाटावरच्या पानातही आपापले गुण दाखवतात. ॲमायलोज जास्त असलेल्या तांदळाचा भात मोकळा होतो, कमी असलेल्याचा मऊ आणि चिकट. आसामच्या बोरा तांदळात ते नावालाच असते, म्हणून त्याचा भात लगद्यासारखा एकजीव होतो.

पिष्टाच्या या कथेत कोणाचे मोजमाप खोटे ठरले नाही. दोन खरी मोजमापे एकमेकांशी भांडू लागली तेव्हा त्यांतले एक फेकून देण्याचा मोह मोठा होता. ज्यांनी दोन्ही जपून ठेवली आणि मनातले चित्र बदलले, त्यांनाच ते झाड दिसले.