नकार आणि मौन : डेटाबेस-जोडणीच्या त्रुटिसंदेशांचा ऐतिहासिक विचार

डेटाबेसशी जोडणी होत नाही, तेव्हा दोष पासवर्डात किंवा खुद्द डेटाबेसमध्ये शोधण्याची प्रवृत्ती आढळते. पुष्कळदा तो मधल्या फायरवॉलमध्ये असतो. परंतु त्रुटिसंदेशात तिचा उल्लेखही नसतो. हा अनुल्लेख कसा उद्भवला आणि त्यावरून निदानाची दिशा कोणती मिळते, ह्याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

जोडणीचे मूळ संकेत सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीसीपी-विनिर्देशात ग्रथित आहेत. एका संगणकाने दुसऱ्याच्या विशिष्ट पोर्टकडे विनंती पाठवावी. तेथे ऐकणारे कोणी नसल्यास दुसऱ्याने स्पष्ट नकार कळवावा. उत्तरच न आल्यास पॅकेट वाटेत हरवले असे मानून ते पुन्हा पाठवावे. मौनाचा ह्याहून वेगळा अर्थ ह्या व्यवस्थेत अभिप्रेत नव्हता.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म पसरल्यानंतर जाळ्याच्या सीमेवर पॅकेटांची छाननी करण्याच्या पद्धतीस चालना मिळाली. ‘फायरवॉल’ हा शब्द स्थापत्यातला. एका घराची आग शेजारच्या घरास लागू नये म्हणून बांधलेली ती भिंत. मात्र भिंत डोळ्यांना दिसते. संगणकीय फायरवॉल नको असलेली विनंती बहुधा मूकपणे टाकून देते. अशा रीतीने मौनास ‘मनाई’ हा दुसरा अर्थ प्राप्त झाला. पण पाठविणाऱ्यास तो कळण्याची सोय नव्हती. तो विनंती पुन्हा पुन्हा पाठवितो आणि अखेर ‘मुदत संपली’ एवढेच सांगतो.

डेटाबेसच्या दृष्टीने २००३ हे साल निर्णायक ठरले. २५ जानेवारीस ‘स्लॅमर’ हा केवळ ३७६ बाइटांचा वर्म मायक्रोसॉफ्ट एस्क्यूएल सर्व्हरच्या १४३४ ह्या यूडीपी पोर्टवाटे पसरला. दोषावरील दुरुस्ती जुलै २००२ पासून उपलब्ध होती. तरीही सुमारे दहा मिनिटांत बहुतेक असुरक्षित यंत्रे त्याने ग्रासली. ऑगस्टमध्ये ‘ब्लास्टर’ आला. विंडोज एक्सपीच्या २००१ मधील मूळ आवृत्तीत फायरवॉल होती, पण बंद. ऑगस्ट २००४ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने ती आपोआप चालू केली. परिणामी सुरळीत चाललेल्या जोडण्या तुटू लागल्या. त्या काळी एस्क्यूएल सर्व्हरशी जोडणी न झाल्यास ‘सर्व्हर अस्तित्वात नाही किंवा प्रवेश नाकारला’ अशा आशयाचा संदेश येई. ‘किंवा’ ह्या अव्ययाने दोन भिन्न घटना एकत्र बांधल्या आणि फायरवॉल हे तिसरे कारण अव्यक्तच राहिले.

म्हणून निदान करताना उत्तराचा प्रकार आधी पाहावा. तत्काळ नकार आल्यास डेटाबेस बंद असेल, किंवा केवळ स्थानिक जोडण्या स्वीकारीत असेल. यंत्र चालू असूनही मौनच असल्यास प्रथम फायरवॉल तपासावी. एस्क्यूएल सर्व्हरसाठी सामान्यतः १४३३, मायएस्क्यूएलसाठी ३३०६ आणि पोस्टग्रेएस्क्यूएलसाठी ५४३२ हा पोर्ट असतो. पासवर्ड चुकल्याचा संदेश डेटाबेसने दिला असल्यास मात्र मार्ग खुला आहे हे सिद्धच होते.

चाचणीसाठी फायरवॉल बंद करून ती तशीच ठेवण्याचा प्रघात त्याज्य होय. एस्क्यूएल सर्व्हरच्या नामांकित इन्स्टन्सचा पोर्ट ज्या १४३४ वर विचारला जातो, तोच स्लॅमरचा प्रवेशमार्ग होता. आवश्यक तेवढाच पोर्ट, आवश्यक तेवढ्याच पत्त्यांसाठी उघडणे, हाच ह्या इतिहासाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.