दीड, अडीच, साडेतीन

आजच्या भागाची सुरुवात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून.

माझी भाची अडीच महिन्यांची झाली तेव्हा ताई गावी होती. लग्नघर, पाहुणे, धावपळ. त्यात पेंटाचा दुसरा डोस राहून गेला. लक्षात आलं तेव्हा तीन आठवडे उलटले होते. मग ग्रुपवर सल्ले सुरू. ‘आता सगळं पहिल्यापासून परत,’ असं एका काकांनी ठामपणे लिहिलं आणि ताई रडकुंडीला आली. मी पडलो इंजिनिअर. मला आधी प्रश्न पडला की कार्डावरचे हे दीड, अडीच, साडेतीन महिने आले कुठून?

पेंटा म्हणजे एका सुईत पाच लसी: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब. यातल्या सगळ्यात त्रासदायक मेंबरपासून सुरू करू, म्हणजे डांग्या खोकल्यापासून.

त्याचा जंतू बोर्दे आणि झांगू यांनी 1906 मध्येच वेगळा केला होता, पण भरवशाची लस काही जमत नव्हती. 1932 मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरात पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघी तिच्या मागे लागल्या. दोघी सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला. दिवसा पाणी आणि दूध तपासायचं, आणि संध्याकाळी स्वतःच्या वेळात आजारी मुलांच्या घरी जायचं. महामंदीचे दिवस होते. काही घरांत रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात त्या खोकणाऱ्या पोरासमोर बशी धरायच्या आणि तिच्यावर खोकू द्यायच्या. बशीत जंतू वाढला की आजार पक्का. मूल आणखी किती दिवस इतरांपासून लांब ठेवायचं, हेही त्यावरूनच कळायचं. 1934 मध्ये त्यांनी शहरातल्या मुलांवर लसीची चाचणी सुरू केली. पैशांची कायमच बोंब. 1936 मध्ये त्यांच्या निमंत्रणावरून एलिनॉर रूझवेल्ट प्रयोगशाळा बघायला आल्या, त्यानंतर मदतीला माणसं ठेवण्यापुरते पैसे मिळाले.

पुढे 1940 च्या दशकात केंड्रिकबाईंनीच ही लस घटसर्प आणि धनुर्वाताच्या लसींबरोबर एकत्र केली. आपल्या आयांच्या पिढीला माहीत असलेली ‘त्रिगुणी’ ती हीच. गंमत म्हणजे यातला डांग्या खोकल्याचा भाग बाकीच्या दोघांचाही परिणाम वाढवतो. आमच्या क्षेत्रात दोन मोड्यूल एकत्र केले की सहसा उलटं होतं!

पण लस एकत्र झाली तरी ती कधी टोचायची, हा प्रश्न उरतोच. बाळ जितकं मोठं, तितका त्याच्या शरीराचा प्रतिसाद चांगला. आईकडून आलेल्या अँटिबॉडीजही तोवर ओसरतात. दोन डोसांतलं अंतर जास्त असेल तरीही प्रतिसाद सुधारतो. मग आरामात सहा महिन्यांनी सुरू का करू नये? कारण डांग्या खोकला जीव घेतो तो बहुतेक पहिल्या काही महिन्यांतल्या बाळांचा. थांबलं तर लस उत्तम बसेल, पण बाळ हातचं जाईल. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या वेळापत्रकात 6, 10 आणि 14 आठवडे आले: लवकरात लवकर सुरुवात आणि मध्ये कमीत कमी चालेल असं चार आठवड्यांचं अंतर. हेच आपले दीड, अडीच, साडेतीन.

या घाईची किंमत ब्रिटनमध्ये दिसली. तिथे 1990 मध्ये वेळापत्रक आवळून 2, 3, 4 महिने केलं. 1992 मध्ये हिबची लस आली, तीही याच तारखांना, आणि बूस्टर ठेवला नाही. आधी हिबचे रुग्ण झपाट्याने घटले. मग 1999 नंतर आकडे पुन्हा चढू लागले. एक कारण असं की त्या सुमारास पुरवठा कमी पडला म्हणून बऱ्याच बाळांना वेगळ्या प्रकारची एकत्रित लस दिली गेली आणि तिच्यात हिबचा परिणाम कमी पडत होता. दुसरं कारण बूस्टर नसणं. 2003 मध्ये मोहीम काढून मुलांना जादा डोस द्यावा लागला आणि 2006 मध्ये वर्षाच्या बाळासाठी हिबचा बूस्टर नियमित वेळापत्रकात आला. मला यातून एवढंच दिसलं की बाटलीतलं मिश्रण बदललं की तारखाही पुन्हा तपासाव्या लागतात.

भारतात त्रिगुणी 1978 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. पेंटा मात्र डिसेंबर 2011 मध्ये आली, आधी केरळ आणि तमिळनाडूत, मग टप्प्याटप्प्याने सगळीकडे. तारखा जुन्याच राहिल्या, सुया कमी झाल्या. आणि 16 ते 24 महिन्यांच्या रकान्यात त्रिगुणीचा बूस्टर आपल्या कार्डावर आहेच.

तर आमची ताई. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, ‘पहिल्यापासून कशाला? थांबलं तिथून पुढे.’ पहिल्या डोसची आठवण शरीरात टिकते, त्यामुळे उशीर झाला म्हणून तो वाया जात नाही. ‘पण ताई, हे तीन आठवडे पोरगी एकाच डोसवर होती बरं का,’ हेही त्यांनी ऐकवलं. लग्नात खोकणारे पाहुणे किती होते, ते आम्हाला तेव्हा आठवायला लागलं.

दुसरा डोस त्याच दिवशी झाला. रात्री थोडा ताप आला, सकाळी उतरला. काकांनी ग्रुपवर अंगठ्याचा इमोजी टाकला. तिसऱ्या डोसची तारीख, बरोबर चार आठवड्यांनंतरची, ताईने भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लाल पेनाने लिहिली आहे.