बाटलीत नर नाहीत

बी.एस्सी.च्या पुस्तकात शार्लोट आउअरबाख यांच्या वाट्याला एक ओळ येते. मस्टर्ड गॅसमुळे उत्परिवर्तनं होतात हे आउअरबाख आणि रॉब्सन यांनी दाखवलं, इतकीच. मुलं ती पाठ करतात, एका मार्काच्या प्रश्नाला लिहितात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. मी कोल्हापूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आणि आनुवंशिकीचा पेपर बहुतेक माझ्याकडेच असायचा. त्या ओळीपाशी आले की माझा तास लांबायचा. तासाला सांगायचे ते आता निवांतपणे लिहून काढते आहे. त्या ओळीत एका शाळामास्तरणीचं अर्धं आयुष्य आहे, आणि आमच्या विषयातलं सगळ्यात चिकट, सगळ्यात प्रामाणिक काम आहे.

हो, शाळामास्तरणीच. त्यांचा जन्म 1899 चा, जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावचा. घर ज्यू आणि शिकलेलं. वडील रसायनशास्त्रज्ञ. आजोबा लिओपोल्ड आउअरबाख शरीररचनेचे अभ्यासक. आतड्याच्या भिंतीतल्या ज्या मज्जाजालाला वैद्यकीची मुलं आजही आउअरबाखचं जाल म्हणतात, ते त्यांचंच. नात जीवशास्त्र शिकली, 1924 मध्ये शिक्षकीची परीक्षा पास झाली आणि शाळेत शिकवू लागली. मध्ये एकदा, 1928 मध्ये, बर्लिनच्या डालेम भागातल्या कैसर विल्हेल्म संस्थेत ओटो माँगोल्ड यांच्या हाताखाली संशोधन सुरू केलं. माँगोल्डांचा खाक्या हुकुमाचा होता. विद्यार्थ्याला काय वाटतं, याला तिथे किंमत नव्हती. आउअरबाखबाई ते काम सोडून परत शाळेत गेल्या. 1933 मध्ये नाझींनी ज्यू शिक्षकांना शाळांतून काढलं तेव्हा ती नोकरीही गेली. आईने सांगितलं, देश सोड. चौतिसाव्या वर्षी त्या एडिनबरोला पोचल्या.

तिथे विद्यापीठाची प्राणी-आनुवंशिकी संस्था होती आणि तिचे प्रमुख होते एफ. ए. ई. क्रू. निर्वासितांना दार उघडं ठेवणारा माणूस. बाईंनी फळमाशीच्या पायांच्या वाढीवर प्रबंध लिहून 1935 मध्ये पीएच.डी. मिळवली आणि तुटपुंज्या पगारावर क्रूंच्याच हाताखाली राहिल्या. 1939 मध्ये ब्रिटिश नागरिकत्व मिळालं. आईही त्याच वर्षी येऊन पोचली.

आता हर्मन मलर. एक्स-रे टाकले की फळमाशीत उत्परिवर्तनं कितीतरी पटींनी वाढतात, हे या अमेरिकन माणसाने 1927 मध्ये दाखवलं होतं. पुढे तो रशियात गेला, जनुकांची संकल्पनाच नाकारणाऱ्या लिसेन्कोच्या माणसांनी तिथलं आनुवंशिकीशास्त्र उद्ध्वस्त करायला घेतल्यावर निघाला आणि स्पेनमार्गे एडिनबरोला आला. क्रूंनी त्याला बाईंची ओळख करून दिली ती अशी, की ही तुमचं पेशींचं काम करून देईल. बाईंनी तोंडावर सांगितलं की मला त्यात रस नाही. मलर म्हणाला, मग करू नका. ज्यात रस असेल तेच माणसाने करावं. नंतर मात्र त्याने मुद्दा मांडला: अवयव कसे घडतात हे तुम्हाला कळून घ्यायचं आहे, ते जनुकांमुळे घडतात, आणि जनुक म्हणजे काय हे कळायचं तर ते बदलतं कसं ते पाहायला हवं. बाईंना पटलं. डालेमला हुकुमाने जे झालं नव्हतं ते इथे एका समजुतीच्या बोलण्याने झालं. चांगला गुरू कसा असतो हे मला कुणी विचारलं तर मी हाच प्रसंग सांगते.

ऑगस्ट 1939 मध्ये आनुवंशिकीची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद एडिनबरोलाच भरली. अध्यक्षपदासाठी रशियाचे वनस्पती-आनुवंशिकीतज्ज्ञ निकोलाय वाविलोव यांना निवडलं होतं. सोव्हिएत सरकारने त्यांना येऊ दिलं नाही. त्यांच्या जागी क्रू बसले. परिषद चालू असतानाच एकेका देशाचे प्रतिनिधी सामान बांधून निघू लागले, आणि काही दिवसांतच युद्ध सुरू झालं.

प्रयोग समजायचा तर मलरची पद्धत समजायला हवी. ही पद्धत मी हाताने केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पिकलेल्या केळ्यांवर घोंगावतात ती चिलटं म्हणजे ड्रॉसोफिला. आम्ही त्यांना रवा, गूळ, अगर आणि यीस्ट शिजवून खाऊ घालायचो. काचेची बाटली, तोंडाला कापसाचा बोळा. पंचवीस अंशांना दहा-बारा दिवसांत अंड्यापासून माशी तयार. माद्या कोशातून निघाल्यापासून आठेक तासांच्या आत वेगळ्या काढाव्या लागतात, नाहीतर नरांशी संग झालेला असतो आणि प्रयोग वाया जातो. म्हणून या कामाला सुट्टी नसते. रविवारी सकाळी आणि रात्रीही बाटल्या रिकाम्या करायला जावंच लागतं. ईथरने माश्यांना झोपवायचं, भिंगाखाली ब्रशने नर एकीकडे आणि माद्या दुसरीकडे सारायच्या.

मलरने माद्यांचा एक खास वाण तयार केला होता. त्यातल्या मादीच्या एका एक्स गुणसूत्रावर तीन गोष्टी एकत्र होत्या: गुणसूत्रांची अदलाबदल रोखणारी उलटापालट, एक घातक जनुक, आणि डोळा पट्टीसारखा अरुंद करणारं जनुक. या माद्यांना प्रयोगातले नर द्यायचे. पट्टी-डोळ्याच्या मुली निवडायच्या आणि प्रत्येकीला वेगळ्या बाटलीत नर देऊन ठेवायचं. तिच्या मुलग्यांपैकी निम्म्यांना आईकडून मलरचं घातक गुणसूत्र मिळतं, ते मरतात. उरलेल्या निम्म्यांना मिळतं आजोबाचं एक्स, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग झाला ते. त्यात नवं घातक उत्परिवर्तन झालेलं असेल तर तेही मुलगे मरतात. मग बाटलीत एकही नर दिसत नाही. एवढंच बघायचं. डोळ्याचा रंग जरा फिका वाटतो का, पंख किंचित वाकडा आहे का, असल्या भ्रमाला जागा नाही. नर आहेत किंवा नाहीत. माझ्या मते विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राने शोधलेली ही सगळ्यात निखळ युक्ती आहे.

मस्टर्ड गॅसची कल्पना औषधशास्त्र विभागातून आली. 1917 साली बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर पहिल्यांदा सोडलेलं हे विष खरं तर तेलकट द्रव असतं. त्याने भाजलेल्या जखमा फार सावकाश भरतात आणि भरल्यावरही पुन्हा उघडतात, एक्स-रेच्या जखमांसारख्याच. जे. एम. रॉब्सन आणि त्यांचे प्रमुख ए. जे. क्लार्क यांना हे साम्य खटकलं. जखमा सारख्या, तर आत पेशीत घडतं तेही सारखं असेल का? 1940 च्या हिवाळ्याच्या तोंडाशी आउअरबाख आणि रॉब्सन कामाला लागले. मलर तोवर अमेरिकेला परतला होता. साधनं कसली? औषधशास्त्र विभागाच्या गच्चीवर उघड्या भांड्यात ते द्रव तापवायचं आणि त्याची वाफ माश्यांना द्यायची. बाईंचे हात भाजले, फोड आले. तरी त्या माश्या सोडून हटल्या नाहीत.

साध्या बाटल्यांत असं घातक उत्परिवर्तन हजारात एखाददुसरं सापडतं. गॅस दिलेल्या नरांच्या नातवंडांत ते शेकड्यात मोजावं लागलं. यापूर्वी कितीतरी जणांनी कितीतरी रसायनं वापरून पाहिली होती. खुद्द बाईंनीच मलरच्या सांगण्यावरून कर्करोगजनक द्रव्यं देऊन पाहिली होती आणि हाती काही लागलं नव्हतं. आणि आता बाटलीमागून बाटली नरांवाचून निघत होती. जून 1941 मध्ये मलरची अभिनंदनाची तार आली. एक्केचाळीस-बेचाळीस वर्षांची, पक्क्या नोकरीचा भरवसा नसलेली ही परदेशी बाई जनुक रसायनाने बदलतं हे जाणणाऱ्या मूठभर माणसांपैकी एक होती, आणि ते उघड बोलायची तिला मुभा नव्हती. विषारी वायू म्हणजे युद्धसामग्री. अहवाल सरकारकडे गुप्त म्हणून गेले.

1944 मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण छापता आलं, ते अॅलिल आयसोथायोसायनेटबद्दल. मोहरी वाटली की नाकात जातो तो झणका याच द्रव्याचा. मस्टर्ड गॅसमध्ये मात्र मोहरीचा अंशही नसतो. मुख्य निष्कर्ष छापून आले 1946 मध्ये, युद्ध संपल्यावर. तोवर फ्रायबर्गमध्ये फ्रीड्रिख ओएलकर्स यांनी युरेथेनने वनस्पतींची गुणसूत्रं तुटतात हे दाखवलं होतं आणि मॉस्कोत इओसिफ रापोपोर्ट यांना फॉर्मल्डिहाइडने उत्परिवर्तनं होतात हे सापडलं होतं. तीन देश, त्यांतले दोन तिसऱ्याशी लढणारे, आणि एकाची दुसऱ्याला खबर नाही. युद्धाने शास्त्राला गती दिली असं म्हणणारे खूप आहेत. मला यात दिसतात ती वाया गेलेली वर्षं.

1946 मध्येच मलरला एक्स-रेच्या कामासाठी नोबेल मिळालं. बाईंना 1947 मध्ये एडिनबरो विद्यापीठात व्याख्यातापद मिळालं. 1957 मध्ये त्या रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या, आणि प्राध्यापकपद आलं ते 1967 मध्ये, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना. हा हिशेब मला बोचतो. इतक्या मोठ्या शोधानंतर सव्वीस वर्षं!

पण खरी थोरवी मला शोधापेक्षा त्यानंतरच्या वर्षांत दिसते. गॅस दिलेल्या माश्यांत बाईंना एक विचित्र गोष्ट दिसत होती. एक्स-रेमुळे झालेला बदल बहुधा सगळ्या अंगभर उतरे. गॅसने झालेला बदल पुष्कळदा अर्ध्यामुर्ध्या अंगावर दिसे. माशीचा एक भाग नेहमीसारखा आणि दुसरा पिवळा, असं. शिवाय काही बदल एक पिढी उशिरा उगवत. ज्या बाटलीत आज नर आहेत म्हणून ती निर्दोष ठरवली, तिच्याच पुढच्या पिढीत घातक जनुक निघे. दुसऱ्या कुणी मोजणीतली गडबड म्हणून हे बाजूला सारलं असतं. बाईंनी एकेक वंश पुढच्या पिढीपर्यंत वाढवून पाहिला, म्हणजे बाटल्यांचं काम दुपटी-तिपटीने वाढवून घेतलं. रसायन जनुकाला ताबडतोब बदलत नसेल, आधी अस्थिर करत असेल, असं त्या म्हणू लागल्या. पुढे डीएनएच्या दोन धाग्यांची रचना कळली तेव्हा याचा बराचसा उलगडा झाला: रसायन एका धाग्याला डसतं, धागे विलग होऊन नवे बनले की एका पेशीकडे बिघडलेली प्रत जाते आणि दुसरीकडे चांगली.

तरीही त्यांचं समाधान झालं नाही. 1953 नंतर रेणूंच्या भाषेची लाट आली. अमुक रसायन अमुक अक्षर बदलतं, की झालं उत्परिवर्तन, असं तरुण मंडळी म्हणू लागली. बाई मान्य करत आणि पुढे विचारत, मग दुरुस्तीचं काय? पेशी जगण्याचं काय? न्यूरोस्पोरा या बुरशीचा त्यांचा एक वाण होता. त्यात दोन जनुकं बिघडलेली होती. एका रसायनाने एक जनुक जास्त पूर्ववत होई, दुसऱ्याने दुसरं. आणि हे प्रमाण नुसत्या रसायनावर ठरत नव्हतं, पेशीच्या अवस्थेवर आणि वागवण्यावरही हलत होतं. उत्परिवर्तन ही पेशीच्या आत घडणारी एक जीवप्रक्रिया आहे, हा त्यांचा आग्रह तेव्हा काहींना जुनाट वाटला. डीएनए दुरुस्तीवर नंतर जे प्रचंड काम झालं, ते पाहता बाईंची बाजू खरी होती हे मी ठामपणे म्हणते.

शिकवणं त्यांनी कधी सोडलं नाही. ‘जेनेटिक्स इन द अॅटॉमिक एज’ हे 1956 चं पुस्तक त्यांनी अणुचाचण्यांच्या काळात सामान्य वाचकासाठी लिहिलं. किरणांमुळे आईबापांचं काय होतं यापेक्षा नातवंडा-पणतवंडांचं काय होईल, हे त्यात शाळेतल्या बाईंच्या धीराने समजावलेलं आहे. मुलांसाठीही त्यांनी टोपणनावाने एक गोष्टीचं पुस्तक लिहिलं होतं. लग्न केलं नाही. दोन मुलगे मात्र आपले म्हणून वाढवले. 1994 मध्ये, चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. एडिनबरोच्या किंग्ज बिल्डिंग्ज परिसरात आज त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

त्यांच्या कामाच्या दोन वाटा आमच्यापर्यंत येऊन पोचल्या आहेत. पहिली शेताची. मलरच्या किरणांची वाट ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात किरणांनी घडवलेल्या भुईमुगातून आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. आउअरबाखबाईंची रसायनाची वाट राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या कृषी विद्यापीठांतल्या प्रबंधांत दिसते. इथाइल मिथेन सल्फोनेट या उत्परिवर्तन घडवणाऱ्या रसायनाच्या द्रावणात बी भिजवायचं, पेरायचं आणि दुसऱ्या पिढीची वाट पाहायची.

दुसरी वाट दवाखान्याची. मस्टर्ड गॅसचाच भाऊबंद असलेलं नायट्रोजन मस्टर्ड 1942 मध्ये येल विद्यापीठात कर्करोगाच्या रुग्णाला दिलं गेलं, तेही युद्धाच्या गुप्ततेतच. त्या घराण्यातलं सायक्लोफॉस्फमाइड आजही जगभरच्या कर्करोग रुग्णालयांत रोज वापरलं जातं. माझ्या काही विद्यार्थिनी औषध कंपन्यांसाठी विषारीपणाच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांत आहेत. कुठलंही नवं औषध माणसाला देण्याआधी ते जनुकांना इजा करत नाही ना, हे तिथे तपासावं लागतं. त्यातल्या एका चाचणीत उंदरांच्या अस्थिमज्जेच्या पेशी पाहतात. एका गटाला नवं औषध, एका गटाला नुसतं पाणी, आणि तिसऱ्या गटाला असं द्रव्य जे गुणसूत्रं नक्की मोडतं. त्या गटात इजा दिसली तरच चाचणी नीट झाली असं धरतात. या तिसऱ्या गटासाठी बहुतेक वेळा सायक्लोफॉस्फमाइडच टोचतात.