अर्ज, अमीन आणि रझाकार

आमचे आबा परतूरजवळच्या खेड्यातले. निजामी राजवटीची गोष्ट ते नेहमी परवानगीच्या अर्जापासून सुरू करत. १९२९ च्या ‘गश्ती निशान ५३’ या हुकमाप्रमाणे जाहीर सभेला सरकारची मंजुरी लागे. म्हणून कार्यकर्ते ‘परिषद’ भरवत आणि समाजसुधारणा, शिक्षण असे सोसतील ते विषय पुढे ठेवत. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतुरात झालं. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. आबा तेव्हा पोरसवदा, मंडपात पाणी वाटायला. “भाषणं डोक्यावरून गेली रे, पण पोलीस अमीन शेवटपर्यंत लिहून घेत बसला होता, ते ध्यानात राहिलं.”

चळवळ त्या अमिनाच्या वहीत मावेल एवढीच राहावी, अशी हैदराबादची इच्छा होती. वहीबाहेर पाऊल पडताच सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तीही ती रीतसर स्थापन होण्याआधीच! ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले.

इत्तेहादुल मुस्लिमीन या मुसलमानांच्या संघटनेला मात्र मोकळं रान मिळालं. १९४६ मध्ये लातूरचा वकील कासीम रझवी तिचा अध्यक्ष झाला आणि तिचे स्वयंसेवक, रझाकार, गावोगाव कवायत करू लागले. लोकांच्या चळवळीवर उतारा म्हणून निजामाने हे दल वाढू दिलं, असं मला ठामपणे वाटतं. पण ते त्याच्याच छातीवर बसलं. ऑक्टोबर १९४७ मध्ये भारताशी वाटाघाटी करणाऱ्या निजामाच्या शिष्टमंडळातल्या सदस्यांच्या घरांना इत्तेहादच्या जमावाने वेढा घातला, निजामाचे पंतप्रधान छत्तारींना जावं लागलं आणि इत्तेहादला चालणारे लायक अली त्या जागी आले. त्यानंतर राज्य कोण करत होतं, हे आमच्या खेड्यातही कळत होतं.

आबांची थोरली बहीण, आमची आत्याजी, त्या वर्षी लेकरांना घेऊन रात्रीच्या बैलगाडीने वऱ्हाडात गेली. तिकडे इंग्रजांचा मुलूख होता, आता स्वतंत्र हिंदुस्थान. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या होत्या. ती परतली भारताच्या हैदराबादवरच्या लष्करी कारवाईनंतर, म्हणजे पोलीस ॲक्शननंतर, आणि पुढचं सांगताना तिचा आवाज बसायचा. शेजारच्या मुसलमान विणकराचं घर जमावाने जाळलं होतं. तो कधीच रझाकार नव्हता. त्याच्या बायकोला आणि पोरांना आबांच्या आईने कणगीमागे लपवलं म्हणून ती वाचली. मराठवाड्यात कितीतरी निरपराध मुसलमान तेव्हा मारले गेले. मुक्तिसंग्रामाची गोष्ट सांगताना हे गाळणाऱ्यांशी माझं पटत नाही.

सप्टेंबर १९४८ च्या मध्यावर भारतीय फौजा जालन्यात शिरल्या. स्टेट काँग्रेसवरची बंदी तब्बल आठ वर्षं टिकली होती. रझाकारांवर मात्र निजामाने बंदी घातली ती १७ सप्टेंबर १९४८ ला, शरण गेला त्या दिवशी.