रोप पुण्याचे, जमीन कुणाची?

आमच्या सावद्यात केळीचे टिश्यूकल्चर रोप प्रयोगशाळेच्या बाटलीतून काढून कुणी थेट शेतात लावत नाही. आधी हरितगृह, मग शेडनेट. तिथे काही आठवडे ते कणखर होते, तेव्हाच त्याला रावेर-यावलचे ऊन सोसते. संशोधनसंस्थांतून निघालेल्या कंपन्यांचा इतिहास मी गेली काही वर्षे जमेल तसा वाचतो आहे. त्या विषयाची पदवी माझ्याजवळ नाही. पण वाचताना हे रोप वारंवार आठवते.

मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे यूडीसीटी, १९३३ साली सुरू झाला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली. या दोन्ही ठिकाणी शिकलेले अंजी रेड्डी हैदराबादला आयडीपीएल या सरकारी औषध कारखान्यात नोकरीला गेले आणि १९८४ मध्ये त्यांनी ‘डॉ. रेड्डीज’ उभी केली ती त्याच शहरात. विद्या मुंबई-पुण्याची, कारखाना मात्र हैदराबादचा. औषध टनावारी कसे बनवायचे हे जाणणारी माणसे आयडीपीएलने तिथे घडवली होती आणि १९७० च्या पेटंट कायद्याने देशी औषध कारखान्यांना वाट मोकळी केली होती.

मग शास्त्रज्ञाने आपल्याच शोधावर, आपल्याच शहरात कंपनी का काढू नये? अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येऊ लागली. आपल्याकडे सरकारी शास्त्रज्ञाला नोकरीत राहून कंपनीत भागीदार होण्याची मुभा केंद्राने दिली ती २००९ मध्ये. त्याआधी दोन वर्षे, २००७ साली, पुण्याच्या याच प्रयोगशाळेच्या आश्रयाने ‘व्हेंचर सेंटर’ सुरू झाले होते. नव्या कंपनीला तिथे जागा मिळते, महागडी उपकरणे वापरता येतात, पेटंटचा सल्ला मिळतो. प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ अनुया निसळ यांच्या रेशमावरील संशोधनातून ‘सेरिजेन’ ही कंपनी निघाली. रेशमातल्या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरून काढणारे साहित्य बनवणे हे तिचे काम. तिचे शेडनेट म्हणजे हे सेंटर.

खानदेशात क्रम उलटा लागला. भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये जळगावचा केळीच्या भुकटीचा आजारी कारखाना विकत घेतला आणि तिथे पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. शेतकरी आणि बाजार यांची ओळख त्यांना आधीपासून होती. प्रयोगशाळा मागून आली. आपले विद्यापीठ तर १९९० चे. बहिणाबाईंचे नाव त्याला लाभले २०१८ मध्ये.

म्हणजे जमीन आपल्याकडे आहे. शेतकरी, व्यापारी, मालगाडीत केळी भरणारे सावदा स्टेशन, सगळे आहे. प्रयोगशाळाही आता आहे. नाही ती मधली सावली. घड कापल्यावर खोड बांधावर कुजते. त्यातून धागा निघतो, हे आता गुपित राहिलेले नाही. पण प्रयोग आणि पहिला गिऱ्हाईक यांच्यामधली दोन-चार वर्षे त्या पोराला यंत्र कोण वापरू देणार, उधारी कोण सोसणार? ते पोर पुण्याची गाडी धरते. विद्यापीठाने पेटंटे जरूर मोजावीत. पण बाटलीतली रोपे मोजून कुणी पिकाचा अंदाज बांधत नाही. शेतात तगली ती मोजायची असतात.