चार अलंकारांचे शंभर

'उपमेय कोणते, उपमान कोणते?' या प्रश्नाला आपण शाळेत किती घाबरायचो! भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच: उपमा, रूपक, दीपक, यमक. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त ते शंभरावर गेले. आणि हा ग्रंथ म्हणे नवशिक्यांसाठी! युक्ती मात्र नामी, जयदेवाच्या (गीतगोविंदकार नव्हे, दुसरा) 'चंद्रालोका'तून घेतलेली: श्लोकाच्या पहिल्या ओळीत लक्षण, दुसरीत उदाहरण. एक पाठ केले की दुसरे आपोआप तोंडी. आमच्या वाट्याला आली ती नुसती व्याख्या, आणि नाव ओळखण्याचे दोन मार्क.

इथल्या रविवारच्या मराठी वर्गात यंदा मी आधी विचारले, "आजी चंद्राला काय म्हणते?"

"चांदोमामा!" एक चिमुरडी ओरडली.

'रूपक' हा शब्द मी फळ्यावर त्यानंतर लिहिला.