आप्तसंज्ञांची साक्ष



भाषेचा अभ्यासक इतिहास शोधतो तो बहुधा ताम्रपटांत आणि बखरींत. आज मी आपले लक्ष घरातील दोन साध्या शब्दांकडे वेधू इच्छितो. जुन्या पिढीतील मराठी सून सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूबाईंना ‘आत्याबाई’ म्हणत असे. सासू ही आत्या कशी? मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रूढी अनेक मराठी जातींत होती. अशा विवाहात वधूची सासू ही तिची आत्याच असते. पुढे रूढी क्षीण झाली, संज्ञा मात्र टिकली.

अशा संज्ञांना इतिहासाची साधने मानून त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला तो डॉ. इरावती कर्वे यांनी. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी आप्तसंबंधांच्या दृष्टीने भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग पाडले. उत्तरेत निकटच्या नात्यातील विवाह निषिद्ध; दक्षिणेत तो इष्ट, अनेक जातींत मामा-भाचीचाही संमत. महाराष्ट्र मधल्या विभागात. येथे मामाची मुलगी चालते, आत्याची बहुधा चालत नाही.

आपल्या बेळगावकडील माणसाला हे ग्रंथातून शिकावे लागत नाही. एकाच गल्लीत एका घरी जे मंगलकार्य, ते शेजारच्या घरी अकल्पनीय! तरीही दोन्ही घरांत मुले वाढतात, शिकतात, कर्तृत्व गाजवतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही निषिद्ध नाती सांगताना, जेथे रूढीची संमती असेल तेथे अपवाद मान्य केला.

इरावतीबाईंचे स्वतःचे बालपणही रूढ चाकोरीतले नव्हते. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेली ही मुलगी शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेत आली आणि रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी वाढली. त्या घरची कन्या शकुंतला तिची मैत्रीण. शकुंतलाबाईंनी पुढे रशियन चित्रकार पतीपासून विभक्त झाल्यावर आपली मुलगी सई हिला माहेरी राहून वाढवले आणि संततिनियमनाच्या कार्याला स्वतःला वाहून घेतले. त्या कार्यात त्यांच्या आधी उभे होते र. धों. कर्वे, म्हणजे इरावतीबाईंचे थोरले दीर. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक खटले आणि निंदा सोशीत चालविले. एकाच घरात वाढलेल्या दोघी मैत्रिणींपैकी एकीने कुटुंबाची विविध रूपे अभ्यासली, दुसरीने कुटुंबातील स्त्रीचा भार हलका करण्यासाठी आयुष्य वेचले.

हा इतिहास शाळेच्या व्यासपीठावरून सांगण्याचे प्रयोजन आहे. कोणी मूल आजोळी वाढते, कोणी एकट्या आईपाशी, कोणी परक्याच्या मायेत. प्रवेश-अर्जातील ‘वडिलांचे नाव’ या रकान्यापाशी अशा किती मुलांची लेखणी अडखळली असेल! शेजारच्या महाराष्ट्राने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकांच्या नावात आईचे नाव आवश्यक केले, हे उचित झाले. परंतु रकाना वाढला म्हणून दृष्टी वाढतेच असे नाही. ते काम शिक्षकाचे. वर्गातील मुलाला ‘तुझे वडील काय करतात?’ असे विचारण्याऐवजी ‘तुझ्या घरी कोण कोण आहे?’ असे त्याने विचारावे. उत्तर काहीही आले, तरी त्या मुलाची मान खाली जाऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.